शून्य ते दहा

नवी बाईक घरी आल्याला आज एकवीस दिवस झाले. या एकवीस दिवसांत जो भेटला त्याने एकच विचारलं, "किती पळते?" शेजाऱ्यांनी विचारलं. लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघत विचारलं. एका मावसभावाने तर आठ वर्षांनी फोन केला आणि "कसा आहेस" वगैरे बाजूला ठेवून तेच विचारलं. ती किती पळते याची मला सुतराम कल्पना नाही. सिग्नलला किती वेळा बंद पडते, किती लाथांनंतर न्यूट्रलला येते, उभ्याची आडवी व्हायला किती वेळ घेते, हे विचारा. तोंडपाठ आहे.

बाईकच्या जगात 'शून्य ते शंभर' या आकड्याला फार मान. माझी गाडी ६५० सीसीची, दोन सिलिंडरची. असल्या गाड्या उभ्या जागेवरून चार-पाच सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरची शंभरी गाठतात. गाठत असतील. माझा सगळा संसार शून्य ते दहाच्या आत चाललाय आणि त्या पट्ट्याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नाही.

या वर्गाला मिडलवेट म्हणतात. हाच शब्द बॉक्सिंगमध्येही आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमधला मिडलवेट म्हणजे जास्तीत जास्त १६० पौंड, साधारण साडेबहात्तर किलो. माझी मिडलवेट टाकी भरली की २०० किलोच्या घरात जाते. मी ६४. ही जोडी एका रिंगणात सोडली तर पंचाला लोक बदडतील. रस्त्यावर मात्र सोडतात आणि वर अभिनंदन करतात. होंडाने १९६९ साली चार सिलिंडरची सीबी ७५० बाजारात आणली तेव्हा त्या ७३६ सीसीच्या धुडाकडे लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. तिला सुपरबाईक म्हणायचे. आज तेवढ्या सीसीची गाडी खुशाल मधल्या वजनात घालतात. हे वर्ग ज्यांनी पाडले त्यांनी गाड्या चालवून पाहिल्या असतील, ढकलून नक्कीच पाहिल्या नसतील.

आयुष्यभर मी बिनगिअरची स्कूटर चालवली. तिच्यावर बसायचं, मूठ पिळायची, निघायचं. आता घरातून निघायलाच पंधरा मिनिटं लागतात. खांद्या-कोपरांना गाद्या लावलेलं जाकीट, गुडघ्यांना गार्ड, घोटे झाकणारे बूट, मग हेल्मेट, शेवटी हातमोजे. एवढा सगळा जामानिमा करून मी गाडीजवळ येतो आणि किल्ली पँटच्या खिशात असते. हातमोज्यासकट हात खिशात जात नाही. मोजा काढला की तो परत चढवायला दुसरा हात लागतो, आणि त्याच्यावरही मोजा असल्यामुळे त्याला काही धरता येत नाही, म्हणून तोही काढायचा. या खटाटोपात किल्ली खाली पडते. हेल्मेट घातलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. बायको गॅलरीतून सांगते, "डावीकडे. अजून डावीकडे. अरे, पायाखाली आहे तुझ्या."

पहिल्याच दिवशी गाडी बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. इंजिन छान सुरू व्हायचं, पहिला गिअर टाकला की ठप्प. चारदा झालं. पाचव्यांदा मी सर्व्हिसिंगवाल्यांना फोन लावला आणि फसवणूक झालेल्या ग्राहकाच्या आवाजात सगळी हकिकत सांगितली. पलीकडच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, "सर, साइड स्टँड वर घेतलाय ना?" स्टँड खाली असताना गिअर पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं अशी सोय असते, कारण तो तसाच राहिला तर डावीकडे वळताना जमिनीला अडकून गाडी उलथेल. सोय उत्तम आहे. मी "हो हो, ते आधीच बघितलं," म्हणालो, फोन ठेवला आणि मग खाली बघितलं.

दोन दिवसांनी इंजिन अजिबातच सुरू होईना. या वेळी मी फोन केला नाही. जाणत्या माणसासारखा स्टँड तपासला. वर होता. अर्ध्या तासाने लक्षात आलं की उजव्या मुठीपाशी किल स्विच नावाचं, इंजिन बंद करणारं एक लाल बटण असतं, आणि ते माझ्याच अंगठ्याने दाबलं गेलं होतं.

क्लचबद्दल सगळ्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की "हळू सोडायचा." हळू म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही. लिव्हर मुठीपासून सुटून पूर्ण बाहेर जाईपर्यंतच्या प्रवासात मध्येच बोटभर जागा अशी असते की तिथे गाडी ओढ घेऊ लागते. सगळी कला त्या बोटभर जागेत. अलीकडे नुसता आवाज, पलीकडे एक आचका आणि शांतता. त्या शांततेत मागच्या गाड्यांचे हॉर्न फार स्पष्ट ऐकू येतात.

आणि न्यूट्रल. ते पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये लपलेलं असतं. बाकीचे गिअर पूर्ण लाथेला पडतात, न्यूट्रल अर्ध्या लाथेला. बुटातल्या अंगठ्याने अर्धी लाथ मारून बघा एकदा. पहिल्यातून उचललं की दुसरा, दुसऱ्यातून दाबलं की पहिला, मधला हिरवा दिवा नुसता डोळा मारून जातो. तेवढ्यात रेडिएटरचा पंखा घरघरतो आणि इंजिनाची सगळी धग नडगीवर येते. मी खाली मान घालून एक-दोन, दोन-एक करत असतो. शेवटी दिवा लागतो. मी क्लच सोडून दोन्ही हात मोकळे करतो, मान वर करतो, तर सिग्नलही हिरवा.

पण खरी परीक्षा यू-टर्नची. त्यासाठी मी पुष्कळ वाचन केलं. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यातला विल्बर सायकलवाल्यांना विचारायचा की डावीकडे वळताना तुम्ही नक्की काय करता. बहुतेक सगळे म्हणायचे, हँडल डावीकडे वळवतो. वास्तविक प्रत्येक जण नकळत आधी ते किंचित उजवीकडे वळवतो, त्यामुळे सायकल डावीकडे कलते आणि मग वळते. बाईकचंही तेच: डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची. हे वाचून मला काहीतरी गुपित हाती लागल्यासारखं झालं. पुढच्याच पानावर होतं की ही विद्या वेग असताना चालते. गाडी सरपटत असेल तर हँडल वळवाल तिकडेच ती जाते. म्हणजे शून्य ते दहामध्ये विल्बरही कामाचा नाही.

तिथे वेगळे नियम. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, मान पूर्ण फिरवून नजर जिथे जायचं तिथे. जिथे बघाल तिथे गाडी जाते म्हणतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. मी दुभाजकाकडे बघतो. सगळ्यात महत्त्वाचं, हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. दहाव्या दिवशी एका रिकाम्या पार्किंगमध्ये मी सराव करत होतो. हँडल पूर्ण वळलेलं, वेग चालत्या माणसाएवढा, आणि समोर मांजर आलं. समोर म्हणजे तसं बरंच लांब. मी पुढचा ब्रेक दाबला.

मोठी गाडी धाडकन पडते हा माझा गैरसमज होता. ती आधी थोडी कलते. तेवढं पाय सावरतो. मग आणखी थोडी कलते, आणि मग एका कोनानंतर तिचं आणि जमिनीचं परस्पर ठरतं, तुम्हाला कोणी विचारत नाही. मला पाय बाजूला काढून, दोन्ही हातांनी तिला धरून, "हळू, हळू" म्हणत खाली टेकवायला भरपूर वेळ मिळाला. आजारी माणूस कूस बदलतो तशी ती उजव्या अंगावर निजली. मांजर बसून बघत होतं.

उचलायची रीत मला पाठ होती, कारण ती मी गाडी घेण्याआधीच शिकून ठेवली होती. (स्वतःची ओळख असणं म्हणतात ते हेच.) आधी इंजिन बंद. गिअर पडलेला असू द्यायचा, म्हणजे चाक घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा स्टँड आधीच बाहेर काढायचा, नाहीतर उचलण्याच्या भरात ती पलीकडे जाते. मग तिच्याकडे पाठ करून सीटला बूड टेकवायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, कंबर ताठ, आणि पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत रेटायचं. आली! ६४ किलोच्या माणसाने २०० किलो उभे केले, आणि बघायला फक्त एक मांजर. ब्रेकच्या लिव्हरचं टोक घासलं, उजवा आरसा थोडा आभाळाकडे बघू लागला. घरी मी आरसा "ॲडजस्ट केलाय" असं सांगितलं.

बायको मागे बसायला पंधराव्या दिवशी तयार झाली. मागची सीट वहीएवढी, उंची स्टुलाएवढी. "बसू?" "थांब." "बसू?" "हं, आता." एवढा संवाद झाल्याशिवाय फुटरेस्टवर पाय ठेवायचा नाही हा नियम पहिल्या झटक्यातच ठरला. गिअर बदलताना क्लच नीट सुटला नाही की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आदळतं. ती काही बोलत नाही. घरी आल्यावर आकडा सांगते. पहिल्या दिवशी एकेचाळीस, काल सव्वीस. माझी प्रगती कोणी इतकी काटेकोर मोजल्याचं शाळेनंतर आठवत नाही.

चांगलं काहीच नाही असं मात्र नाही. रविवारी पहाटे रस्ता मोकळा होता. तिसरा गिअर, मूठ जरा जास्त पिळली गेली, आणि टाकीखालून घुमल्यासारखा आवाज आला. पोट किंचित मागे राहिलं. हात लांब झाले. काट्याकडे बघायचं राहूनच गेलं. पुढे सिग्नल आला आणि मी पुन्हा आपला न्यूट्रल शोधू लागलो. शिवाय पुस्तिकेत लिहिलंय की नव्या इंजिनाला सुरुवातीला ताणायचं नाही. माझे जेमतेम ३१२ किलोमीटर झालेत, त्यातले निम्मे यू-टर्न टाळण्यासाठी.

आणि आज सकाळी मी ती उताराच्या पार्किंगमध्ये, तोंड भिंतीकडे करून लावली. लावताना फार सुरेख गेली. स्वतःहूनच गेली, तेव्हाच शंका यायला हवी होती. या गाडीला पुढचे सहा गिअर आहेत, मागचा एकही नाही. संध्याकाळी येऊन मी बसलो, पाय रोवले, मागे रेटलं. गाडी हलली नाही, बूट घसरले. मग कुठेतरी ऐकलेली युक्ती केली: पुढचा ब्रेक धरून शॉकअप दाबायचे आणि ते उसळले की त्या क्षणी ब्रेक सोडायचा. गाडी इंचभर मागे येते. ब्रेक परत धरायला उशीर झाला तर दोन इंच पुढे जाते. आठव्या प्रयत्नानंतर चाक भिंतीला टेकलं.

हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली होती. तिच्यातून मला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिसला. खिशात हात घालून तो केव्हापासून उभा होता कोण जाणे. जवळ आला, टाकीवरून हळूच बोट फिरवलं आणि डोळे मोठे करून म्हणाला, "काका, किती पळते हो?"

"तू आधी पुढून रेट," मी म्हटलं, "मग सांगतो."