शेवंती झोपलीय, दिवा मालवा

दिवाळीच्या आगेमागे साताऱ्यातल्या कुठल्याही नर्सरीत शिरा, शेवंतीची कुंडी आपल्या गळ्यात पडतेच. वीतभर झाड, वर फुलांची नुसती झुंबड, पान दिसायला जागा नाही. ते वीतभर राहतं, कारण त्याला बुटकं ठेवायचं औषध दिलेलं असतं. हे आपल्याला कळतं पुढच्या पावसाळ्यात. तेव्हा तीच शेवंती शेवग्यासारखी जिन्याच्या कठड्यावर रेलून उभी असते.

खरा छळ फुलं वाळल्यावर सुरू होतो. झाड चार बोटं ठेवून छाटायचं. मग बुडातून काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात. त्या मुळांसकट सुट्या करायच्या आणि उन्हाळाभर सावलीत जगवायच्या. जुन्या झाडाची माया धरण्यात अर्थ नाही, त्याचं लाकूड होतं. जूनच्या तोंडाला दहा इंची कुंडीत एक-एक काशी लावायची. मातीचं माप सोपं आहे: दोन घमेली पोयटा, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू. कृष्णाकाठची काळी माती उसाला लखलाभ. कुंडीत ती पाणी धरून बसते, मूळ कुजतं, पानं माना टाकतात आणि आपण "तहानली बिचारी" म्हणून वर आणखी तांब्याभर ओततो.

रोप वीतभर झालं की नखाने शेंडा खुडायचा. मन धजत नाही, पण खुडावाच लागतो. एका शेंड्याचे तीन-चार फुटवे होतात, महिन्याने त्यांचेही शेंडे खुडायचे. ऑगस्ट संपला की मात्र हाताची घडी. त्यानंतर नखाखाली येते ती कळी असते.

मधल्या काळात मावा येतो. कोवळ्या शेंड्यावर मोहरी चिकटवल्यासारखा काळा मावा. डास मारायच्या अगरबत्तीत पूर्वी ज्या फुलाची पूड असे, ते पायरेथ्रम शेवंतीच्याच गोतातलं, पण आमच्या बाईंना त्या गुणाचा वाटा मिळालेला दिसत नाही. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण, आणि फवारणी संध्याकाळी. उन्हात मारलं तर माव्याआधी पानं जळतात. इकडे कासच्या पठारावर हिचीच भाऊबंद सोनकी, ना खत ना फवारणी, भर पावसाळ्यात पिवळीजर्द. जाऊ दे.

एवढं सगळं करूनही ऑक्टोबरात कळी नसते. झाड हिरवंगार, पानं तेलकट, कळीच नाही! लोक खत वाढवतात, आणि पानं आणखी माजतात. गुन्हेगार वेगळाच असतो: अर्जांवर अर्ज करून कोपऱ्यावर लावून घेतलेला रस्त्यावरचा दिवा. शेवंती रात्र मोजते. अंधार लांबला की तिला कळी धरायचं सुचतं. मध्येच तासभर उजेड पडला तरी तिला उन्हाळाच वाटतो. पॉलीहाऊसवाले याच खोडीवर पोट भरतात: फुलं लांबवायची तर रात्री बल्ब, लवकर हवीत तर काळं कापड.

आपण टीव्हीचं रिकामं खोकं घ्यायचं. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपासून नऊ-दहा आठवडे मागे मोजायचं, त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी सातला काढायचं. दुपारी चारलाच झाकून मोकळं होऊ नये. आत भट्टी होते आणि कळी आणखी रुसते. एखाद्या रात्री विसरलात तर तिच्या लक्षात राहतं.

"खोक्यात काय पाळलंय हो?" शेजारच्या काकू विचारणारच.

"शेवंती झोपवलीय, काकू."

"अगंबाई! आमच्या नातवाला झोपवा की असं एकदा."

कळीत रंग डोकावला की खोकं रद्दीत. पुढे दिव्याने काही बिघडत नाही. नत्राचं खत तेवढं बंद ठेवायचं, नाहीतर फुलं दोन दिवसांत मलूल होतात. मोठं फूल हवं असेल तर फांदीवर एकच कळी ठेवून बाजूच्या काढायच्या. हारापुरती हवी असतील तर हात लावू नये.

आणि पहिल्या गुरुवारी काकू येतात. "पूजेला एकच फूल नेते हं." आता शेवंतीची प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल असतं, आणि देठावर त्यांची दाटीवाटीने चाळ भरलेली असते. काकूंचं "एकच" शंभराच्या वर जातं.