क्रमांक 6 : खोती

'परिशिष्ट नऊ रद्द करा' ही मागणी गेली काही वर्षं माझ्या भिंतीवर सतत दिसते. कोर्टापासून वाचवायचे कायदे ज्यात ठेवले जातात, ती ही संविधानातली यादी; शेतजमिनीवर कमाल मर्यादा घालणारा सीलिंग कायदाही तिच्यात आहे. मांडणारी बहुतेक मराठवाड्या-विदर्भातली शेतकऱ्यांची मुलं आहेत. त्यातला एक माझा हॉस्टेलचा मित्र, लातूरकडचा. त्याचा राग खरा आहे, मला तो कळतो. पण तो 'अख्खं परिशिष्टच काढून टाका' म्हणतो तेव्हा माझ्या पोटात कालवतं. का, ते आज नीट लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. आजोबा खोताचं, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं, कूळ. जमीन अर्धेलीने कसायची, भात झोडलं की खळ्यावरच आधी खोताचा वाटा मोजून जायचा आणि उरेल ते घरात यायचं. खोताकडे लग्नकार्य निघालं की आजोबांनी लाकडं फोडायची, आजीने भात कांडायचं, दाम शून्य. आजी हे सांगायची ते रडून नाही. पाऊस किती पडला हे सांगावं तशी सांगायची, आणि मला तेच जास्त लागायचं. पुढे कूळ कायद्याच्या कलम 32 ग खाली किंमत ठरली, हप्ते भरले, जमीन नावावर झाली. तो कागद आमच्याकडे अजून ट्रंकेत आहे, घडीवर फाटत आलेला.

खोती मोडायची लढाई त्याच्या कितीतरी आधीची. 1933 साली अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि वर्षानुवर्षं उपासमार सोसली. 1937 मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तेव्हा ते मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

पण कायदा झाला म्हणजे संपलं असं नव्हतं. देशभर जमीनदार कोर्टात गेले होते. मार्च 1951 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा समानतेच्या हक्काचा भंग करतो म्हणून रद्द ठरवला. बिहारचा पडला तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न दिल्लीपुढे उभा राहिला. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. अनुच्छेद 31 बी आला आणि त्याच्यासोबत नववं परिशिष्ट. त्यात नाव आलेला कायदा मूलभूत हक्कांच्या आधारावर कोर्टात पाडता येणार नाही, अशी ती तरतूद. कायदामंत्री होते बाबासाहेबच.

पहिल्या यादीत फक्त 13 कायदे होते. ते क्रमाने वाचा, माझी विनंती आहे. क्रमांक 1 बिहार. क्रमांक 2 मुंबईचा 1948 चा कूळ कायदा. क्रमांक 6 खोती निर्मूलन. क्रमांक 7 परगणा व कुलकर्णी वतन. तेरापैकी सहा एकट्या मुंबई राज्याचे. शेवटचे दोन हैदराबादच्या जहागिरींचे, म्हणजे माझ्या मित्राच्या मराठवाड्याचेसुद्धा.

परिशिष्ट म्हणजे पुस्तकाच्या शेवटी डकवलेली जोडपानं, असा आपला समज असतो. तसं ते नाही. अनुच्छेद तत्त्व सांगतो आणि ते कोणत्या गावाला, कोणत्या भाषेला, कोणत्या जमिनीला लागू, ते बऱ्याचदा परिशिष्टात ठरतं. कोकणी आठव्या परिशिष्टात, म्हणजे भाषांच्या यादीत, यायला 1992 उजाडलं, आणि गोव्यातल्या माणसाला विचारा ती एक ओळ म्हणजे काय.

आता मित्राची बाजू, कारण ती अर्धी बरोबर आहे. 1951 ची ती यादी पुढे कोठीची खोली झाली. 1964 मध्ये एका दुरुस्तीने 44 कायदे आत गेले, महाराष्ट्राचा सीलिंग कायदाही त्यातच. 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, एका फटक्यात 64. त्यात क्रमांक 126 वर आवश्यक वस्तू कायदा आहे, ज्याच्या जोरावर सरकार शेतमालाच्या साठ्यावर मर्यादा घालतं आणि भाव पाडतं. त्याचा जमीनदारी मोडण्याशी काय संबंध? मिसासुद्धा याच परिशिष्टात घातला होता, तो 1978 च्या दुरुस्तीने बाहेर काढला. कुळाच्या रक्षणासाठी बांधलेल्या भिंतीआड माणसांना विनाचौकशी डांबणारा कायदा नेऊन ठेवला, याची मला आजही चीड येते.

आज यादीतले क्रमांक 284 पर्यंत गेलेत. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की 24 एप्रिल 1973 नंतर (मूलभूत चौकटीचं तत्त्व मांडणाऱ्या निकालाचा तो दिवस) आत गेलेला कायदा संविधानाच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येईल. म्हणजे क्रमांक 126 ला आव्हान देता येतं. सीलिंगचा मूळ कायदा त्या तारखेच्या आधी आत गेलेला, त्याची भिंत शाबूत आहे; मर्यादा कमी करणारी दुरुस्ती मात्र 1976 च्या गठ्ठ्यातली. मित्राचं दुखणं सीलिंगचं आहे: कोरडवाहूला 54 एकर, बारमाही बागायतीला 18 एकर ही मर्यादा शेतीला, आणि उद्योगाला मात्र जमिनीची मर्यादा नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? मला याचं चांगलं उत्तर देता येत नाही.

परिशिष्ट उद्या गेलं तर आमची जमीन खोताकडे परत जाईल असं मी म्हणत नाही. जमीन सुधारणेच्या कायद्यांना वाचवणारा अनुच्छेद 31 ए आहे, आणि मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्कही राहिलेला नाही. पण खोती मोडणारा कायदा आणि शेतमालाचे भाव पाडणारा कायदा एकाच झाडूने काढणं मला मान्य नाही. 1976 मध्ये संसदेने 64 कायदे न तपासता एका गठ्ठ्यात आत टाकले. आता आपण सगळेच एका गठ्ठ्यात बाहेर टाकायला निघालोय. चूक तीच. एकेक कायदा काढा, तो कुणासाठी केला ते वाचा, आज कुणाला लागतो ते पाहा आणि त्याच्यापुरता ठराव मांडा. काम कंटाळवाणं आहे, पण त्या प्रत्येक क्रमांकामागे कुणाचं तरी खळं आहे.

हे सगळं परवा मित्राला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझ्या आजोबांना मिळालं, माझ्या वडिलांचं गेलं. सहावा राहू दे. सीलिंगवर मात्र मी मागे हटणार नाही." मी म्हटलं, चालेल, तिथून सुरू करू. महाराष्ट्राचे सगळे क्रमांक आम्ही एका वहीत उतरवून काढतोय. कुणाच्या घरी खोती किंवा कूळ कायद्याचे जुने फेरफार असतील तर खाली नक्की लिहा.