औरंगाबाद, कैरो आणि लेस्टर

जिहादी हिंसेची मोठी घटना घडली की महाराष्ट्रातल्या चर्चांत दोनच खुलासे ऐकू येतात. एकाच्या मते सारे सातव्या शतकात, इस्लामच्या उदयाबरोबरच ठरलेले होते, तर दुसऱ्याच्या मते हे पीक अमेरिकेने अफगाणिस्तानात पेरले. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहताना हेच दोन खुलासे मी इंग्रजीत ऐकतो. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध मात्र दोन्हींतून गायब असतो.

वास्तविक त्या पूर्वार्धाशी आपला थेट संबंध आहे. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ मध्ये निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत झाला. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली होती, इथे राज्य इंग्रजांचे होते आणि पुढे येणाऱ्या लोकशाहीत मुसलमान अल्पसंख्याक ठरणार हे उघड होते. अशा काळात मौदुदींनी मांडले की सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे असून राष्ट्रवाद आणि माणसांनी केलेले कायदे म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानयुगाचेच नवे अवतार आहेत. निवडक, शिस्तबद्ध कार्यकर्त्यांच्या बळावर राज्यसंस्था हाती घ्यायची, ही त्यांची कल्पना मदरशापेक्षा त्या काळातल्या युरोपीय पक्षांच्या अधिक जवळची होती. १९४१ मध्ये लाहोरला स्थापन झालेली जमात-ए-इस्लामी त्यातूनच उभी राहिली. तिच्या कडव्या विरोधकांत देवबंदच्या मदरशाचे उलेमाही, म्हणजे धर्मपंडितही होते, हे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो.

इजिप्तमध्ये हसन अल-बन्ना यांनी १९२८ मध्ये, सुएझ कालव्याच्या परकी कंपनीचा वरचष्मा असलेल्या इस्माइलिया गावी, मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेची स्थापना केली होती. मौदुदींचे लेखन अरबीत गेले आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या तुरुंगात छळ सोसणाऱ्या, ब्रदरहूडच्या सय्यद कुत्ब यांनी त्यातला अज्ञानयुगाचा विचार टोकाला नेला. मुसलमान राज्यकर्तेच इस्लामबाहेर गेले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९६६ मध्ये ते फासावर गेले. १९८१ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांची हत्या करणाऱ्या गटाने हाच धागा पुढे नेत मध्ययुगीन धर्मपंडित इब्न तैमियाच्या, मुसलमान म्हणवणाऱ्या मंगोलांविरुद्ध लढणे योग्य ठरवणाऱ्या फतव्याचा आधार घेतला. अफगाण युद्धातला अमेरिकी आणि सौदी पैसा या विचाराला बळ देऊन गेला हे खरेच, पण त्याची संहिता तोपर्यंत लिहून झाली होती.

अर्थात मौदुदींचा प्रत्येक वाचक बंदूक उचलत नाही. पाकिस्तानात जमातने बहुतेक काळ निवडणुका लढवल्या आणि त्यांत सपाटून मार खाल्ला. पण १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात तिच्याच विद्यार्थी संघटनेतून अल-बद्रसारखी सशस्त्र टोळी उभी राहिली, हेही विसरता येत नाही.

लेस्टरमध्ये १९७३ मध्ये जमातच्या खुर्शीद अहमद यांनी स्थापन केलेल्या इस्लामिक फाउंडेशनने मौदुदींचे कुराणभाष्य इंग्रजीत प्रसिद्ध केले. ही संस्था शस्त्रे शिकवत नाही. मात्र इथे जन्मलेल्या तरुणाला त्या भाष्यामागचा १९३० च्या दशकातला हिंदुस्थान सहसा दिसत नाही. त्याला ते भाष्य म्हणजे जसाच्या तसा मूळ इस्लाम वाटतो. मायदेशी सातव्या शतकाकडे बोट दाखवणारे वक्ते आपला विचार म्हणजेच मूळ इस्लाम हा मौदुदींचा दावा, अर्थातच निषेधाच्या सुरात, मान्य करून टाकतात.