पावसाळ्याची तयारी करूनच हॉस्टेलवर या
गोवा विद्यापीठाच्या हॉस्टेलवरच्या लेखात खोली, मेस, फी सगळं आलं, पण गोव्यात प्रवेशाचे दिवस म्हणजे ऐन पावसाळा, हे राहूनच गेलं. विद्यापीठ आहे त्या ताळगावच्या पठारावर वारा-पाऊस थेट अंगावर येतो. जुलैत जीन्स चार-चार दिवस वाळत नाही, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. दोरी, चिमटे, डांबराच्या गोळ्या आणा. जाड चादरी घरीच राहू द्या. काणकोण, सत्तरी अशा गोव्यातल्याच तालुक्यांतली मुलं शनिवारी घरी गेली की राज्याबाहेरून आलेल्यांना घरची आठवण छळते. अशा एखाद्याला सोबत घरी जेवायला न्या ना! आणि रॅगिंग मुळीच सहन करू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांनुसार त्यावर पूर्ण बंदी आहे; १८००-१८०-५५२२ वर चोवीस तास तक्रार करता येते.