सातव्या तारेसाठी पिकअप ओम पाहून निवडू नये

पुण्यात सात तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीवर मेटल वाजवणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक वायरचे वेढे दिलेला, तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग; ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवलेल्या टोकाजवळचा, पिकअप जितक्या जास्त किलोओमचा, तितका त्याचा आउटपुट मोठा. आउटपुट मोठा, म्हणजे सातवी, सर्वांत जाड बी तार स्पष्ट. आणि सात तारांवर खरे मेटल वाजवायचे तर ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपशिवाय पर्याय नाही, असा त्याचा आशय आहे. यावर विसंबून विद्यार्थी साठवलेले पैसे खर्च करतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

किलोओमचा आकडा पिकअपच्या वायरचा विद्युतरोध सांगतो. वेढे किती आहेत किंवा चुंबक कोणता आहे, हे तो सांगत नाही. ४४ गेजची वायर ४२ गेजपेक्षा बारीक असल्यामुळे तेवढ्याच लांबीत तिचा रोध दीडपटीहून अधिक भरतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो; त्यामुळे डिसेंबरात सकाळी १२ अंशांना १३.६ किलोओम दाखवणारा पिकअप एप्रिलच्या ४० अंशांच्या दुपारी मल्टिमीटरवर १५ च्या पुढे जाईल, पण तेवढ्याने त्याला मेटलची जास्त धार येणार नाही.

आवाजाचा रंग ठरवण्यात याहून मोठा वाटा पिकअपच्या इंडक्टन्सचा (बदलत्या विद्युतप्रवाहाला वेढ्यांकडून होणाऱ्या अडवणुकीचा) आणि केबलच्या कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा) असतो. साधारण सहा मीटर केबलचा कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरला, तर ४ हेन्री इंडक्टन्सच्या पिकअपचा उठाव, म्हणजे आवाज सर्वांत ठळक होण्याची जागा, ३,२०० हर्ट्झच्या आसपास येतो आणि ८ हेन्रीच्या पिकअपचा २,३०० च्या आसपास. त्यापलीकडचा आवाज झपाट्याने उतरतो. तार छेडण्याच्या प्लेक्ट्रमचा टणत्कार याच वरच्या भागात असल्याने, जास्त वेढे देऊन 'हॉट' केलेला पिकअप बी तारेची स्पष्टता अनेकदा कमीच करतो.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गढूळपणाचे मूळ तिथे आहे. बी तारेचा मूळ स्वर ६१.७ हर्ट्झचा असतो, तर सहा तारांच्या गिटारीवरील जाड ई तारेचा ८२.४ हर्ट्झचा. अँप डिस्टॉर्ट होताना हा जोरकस खर्ज वरच्या स्वरांत मिसळून त्यांना गढूळ करतो आणि मोठ्या आउटपुटचा पिकअप तोच खर्ज अधिक जोराने आत ढकलतो. म्हणूनच अनेक मेटल गिटारवादक अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावून त्याचा ड्राइव्ह (डिस्टॉर्शनचे प्रमाण) कमी ठेवतात. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झखालचा भाग आधीच कमी होतो. आजच्या अँपमध्ये गेनची, म्हणजे संकेत वाढवण्याच्या ताकदीची, वाण नाही. ब्रिजला हवा तो आटोपशीर खर्जाचा आणि ठसठशीत मिड्सचा (मधल्या पट्टीच्या आवाजाचा) पिकअप, मग त्याचा आउटपुट मध्यम का असेना. तारच सैल असेल, तर मात्र कोणताही पिकअप तिला ताणू शकत नाही. तीच तार त्याच स्वरात २५.५ ऐवजी २७ इंची स्केलवर (तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीवर) लावली, की ताण १२ टक्क्यांनी वाढतो.

ॲक्टिव्हचे गुण मी नाकारत नाही. ईएमजी ७०७ सारख्या पिकअपमध्ये प्रीअँप (संकेत आधीच वाढवणारे छोटे सर्किट) असतो, त्यामुळे लांब केबलवरही ट्रेबल जात नाही आणि खरखर कमी राहते. परंतु सात तारांना रॉकमध्ये रुळवणारी आयबानेझ युनिव्हर्स १९९० साली बाजारात आली, ती डिमार्झिओचे पॅसिव्ह (बिनबॅटरीचे) पिकअप घेऊनच. शिवाय ७०७ चे सोपबार (साबणाच्या वडीसारखे) आवरण नेहमीच्या सात तारांच्या हमबकरपेक्षा (दोन वेटोळ्यांच्या पिकअपपेक्षा) मोठे असल्यामुळे अनेक गिटारींचे लाकूड कोरावे लागते, आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीलाही जागा काढावी लागते.

नवा पिकअप मागवण्यापूर्वी आहे त्याचीच बी तारेकडची बाजू एक-दोन मिलिमीटर खाली घ्यावी, अँपचा गेन नेहमीपेक्षा कमी ठेवावा आणि जॅमरूममध्ये ड्रम व बेससह, पूर्ण आवाजात, पाम म्यूट (तळहाताने तारा किंचित दाबून) वाजवून पाहावे. तरीही बी तार गढूळ वाटली, तर विक्रेत्याकडे किलोओमऐवजी इंडक्टन्सची चौकशी करावी.