पार्किंगमध्ये कचरा पसरून बसलेली बाई

आज सकाळी साडेआठला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. आमच्या कचऱ्याच्या मावशी बी विंगच्या जिन्याखाली उकिडव्या बसल्यात, समोर निळी ताडपत्री, तिच्यावर आम्हा चाळीस बिऱ्हाडांचा कचरा, आणि त्या तो निवडतायत. खाली मजकूर : "हे रोजचंच झालं आहे. पार्किंग ही कचरा पसरायची जागा नाही. आपण पैसे मोजतो. कमिटीने दखल घ्यावी."

दहा मिनिटांत चौदा अंगठे. एकाने लिहिलं, "पाहुणे येतात तेव्हा लाज वाटते हो." दुसऱ्याने लिहिलं, "या बाईला बंद करून घंटागाडी लावू." मग कुणीतरी गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात टाकलं आणि विषय संपला.

माझा नाही संपला. पोळ्या लाटता लाटता दोनदा फोन उचलला, दोनदा लिहिलेलं पुसलं. तव्यावरची एक पोळी करपली ती वेगळीच. ग्रुपवर तमाशा नको म्हणून इथे फेसबुकवर लिहितेय. ग्रुपातले निम्मे इथेही आहेत म्हणा. असू देत.

अहो, ती बाई तिथे पसरून का बसते, हे चौदातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही? हौस आहे का तिला? तुम्ही सुक्या कचऱ्यात कालची आमटी ओतून देता, ओल्यात बाळाचं डायपर कोंबता आणि वर पिशवीला अशी गाठ मारता की दाताने सोडवावी लागेल. मग ती ते निवडणार कुठे? तुमच्या हॉलमध्ये, सोफ्यावर बसून?

कचरा घरातच वेगळा करून द्यायचा, हे २०१६ पासून देशाच्या नियमात लिहिलेलं आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, घातक वेगळा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून. पुण्यात तर त्यावर लाल टिपका काढा म्हणून किती वर्षं सांगतायत, म्हणजे उचलणाऱ्या हाताला आधी कळतं. पॅडसोबत ते गुंडाळायची पिशवी कंपनीनेच द्यायची, हेही २०१६च्या त्याच नियमात लिहिलेलं. आमच्या इमारतीत लाल टिपका मी आजवर एकाच घराचा पाहिलाय, आणि ते घर भाडेकरू मुलींचं आहे, ज्यांच्याबद्दल ग्रुपवर दर महिन्याला तक्रार असते.

मावशींचा अंगठा सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मावशी तीन दिवस आल्या नाहीत. ग्रुपवर अर्थातच बोंबाबोंब. "ऐन सणात दांडी", "यांना बोनस मात्र वेळेवर हवा." चौथ्या दिवशी आल्या त्या उजव्या अंगठ्याला पट्टी बांधून. तीन टाके. मी दारात बादली घेऊन उभी. म्हटलं, काय झालं हो? तर हसत हसत सांगायला लागल्या, "काच व्हती वहिनी पिशवीत. हात घातला आन् भस्सकन् घुसली. आधी वाटलं काय बी न्हाई, मग असं झोंबलं, असं झोंबलं! तवा कळलं, लोणच्याची बरणी हाय म्हून."

मीठ आणि तिखट, ताज्या जखमेत. आणि हे सांगताना बाई हसत होती.

हातमोजे नाहीत का, असा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आधीच सांगते. आहेत. पण ते आठवड्यात फाटतात, आणि ते घालून पिशवीची गाठ सुटत नाही. घरी एकदा रबरी मोजे घालून गाठ सोडवून बघा, मग बोला.

"आपण पैसे देतो" हे वाक्य तर मला फार म्हणजे फारच आवडलं. किती देतो? घरटी महिन्याला शंभरसुद्धा नाही. रविवारच्या मिसळीला माणशी याहून जास्त जातात. त्या पैशात ती बाई चार मजले चढते, बिनलिफ्टचे, चाळीस दारं, आणि मग ढकलगाडी ओढत पुढच्या सोसायटीत. बाकीची कमाई सुक्या कचऱ्यातून. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, रद्दी. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की भंगारवाला तो घेत नाही. म्हणजे आपण आळस करतो तेव्हा नुसती घाण होत नाही, तिच्या गल्ल्यातले पैसे जातात. दुधाच्या पिशवीचा कोपरा अख्खा कापून टाकू नका, लोंबता ठेवा, तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, हेसुद्धा मला मावशींनीच शिकवलं. मी एम.कॉम. आहे.

आणि "बंद करून टाकू" म्हणणाऱ्यांना एवढं तरी ठाऊक असावं की दारापर्यंत यायचा हक्क या बायकांनी भांडून मिळवलाय. आधी त्या कचराकुंडीत उतरून कागद-काच वेचायच्या, आणि लोक चोर म्हणायचे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, हमालांचे नेते बाबा आढाव त्यांच्यामागे उभे राहिले, ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही या कामगारांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलायला लागली. बाहेरगावचे लोक हे बघायला पुण्यात येतात. आपण फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

मावशींच्या सासूबाई ७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आल्या. त्या वेचायच्या, मग या. या कामाला कोण बाया लागल्या, कुठल्या वस्तीतल्या, कुठल्या जातीतल्या, हे आपल्याला नीट माहीत आहे आणि आपण ते बोलत नाही. 'मावशी' म्हटलं की सगळं झाकलं जातं. मीही तेच म्हणते. त्यांचं पाण्याचं भांडं आमच्या मजल्यावर एका घरात वेगळं आहे. कुठल्या, ते लिहीत नाही. मला अजून इथेच राहायचंय.

बरं, मान्य. मावशी कधी कधी न सांगता सुट्टी घेतात. ताडपत्री उचलल्यावर खाली ओल राहते, दोन दिवस माश्या घोंगावतात, तेही मान्य. फोटो टाकणाऱ्या काकांची गाडी नेमकी तिथेच लागते, त्यांना त्रास होत असणार. पण काका, तुमच्याच घरातून परवा नारळाची करवंटी, बॅटरीचे सेल आणि शिळा भात एका पिशवीत आला होता. मला कसं कळलं? मी मावशींसोबत दहा मिनिटं बसले होते. एकदा बसून बघा. कुणाच्या घरात काय शिजतं, कोण कुठली गोळी घेतं आणि कुणी एकादशीला काय खाल्लं, सगळं त्या ताडपत्रीवर असतं. मावशी आजवर एका शब्दाने कुणाचं कुणाला बोललेल्या नाहीत.

"आपण वेगळा करून काय उपयोग, पुढे सगळं एकत्रच करतात" हा एक लाडका मुद्दा. होत असेल कुठे कुठे, मी काही शपथ घेत नाही. पण पुढची ती गाडी नंतर येते हो. मावशींचा हात आधी येतो.

आणि "पुढे" म्हणजे कुठे, ते २०१७ मध्ये कळलं होतं की आपल्याला. उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला आग लागली आणि फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी तीनेक आठवडे पुण्याच्या गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. एप्रिल-मे. आमच्या कोपऱ्यावरचा कंटेनर भरून वाहायला लागला, मुलांना आम्ही दुसऱ्या रस्त्याने शाळेच्या शिबिराला नेत होतो. तेव्हा सगळे कसे चिडलेले, "हे गाववाले शहराला वेठीला धरतात!" अहो, तुमचं शहर त्यांच्या उशाशी कित्येक वर्षं घाण टाकत होतं. त्यांच्या विहिरींचं पाणी गेलं. आपण तीन आठवडे नाकाला रुमाल लावला तर केवढे हाल झाले. तेव्हा आमच्या सोसायटीने जोशात सभा घेतली, गांडूळखताचे दोन हौद बांधले, नारळ फोडला. आजही त्या हौदांच्या नावावर आपण मिळकतकरात पाच टक्के सवलत घेतो. हौदात सध्या एक मोडकी सायकल आहे आणि थर्माकोलचं गणपतीचं मखर. तेही बंदी आलेलं. गांडुळं कधीच देवाघरी गेली.

आणि २ ऑक्टोबरला झाडू हातात घेऊन फोटो. नवे कोरे झाडू, फोटोसाठी विकत आणलेले. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडायला लागायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण कीर्तनच तेवढं उचललं.

जरा थांबले होते. चहा केला. वर पाहिलं तर फार तोंड सुटलंय माझं. पुसणार नाही, पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती न लिहिता हे सगळं पोस्ट केलं तर रात्री झोप यायची नाही.

ती बरणी माझी होती.

लोणच्याची, माझ्या आईकडची, जाड काचेची. दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून काढली आणि ओट्यावरून निसटली. रात्रीचे साडेअकरा. तळाशी आंब्याचा थोडा खार होता. तुकडे सुपलीत गोळा केले, कॅरीबॅगमध्ये टाकले, गाठ मारली आणि सुक्याच्या बादलीत ठेवलं. कागदात गुंडाळावं असं मनात आलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण लादी चिकट झाली होती, ती पुसायची होती, सकाळी डबा होता. म्हटलं, जाऊ दे.

दारात मावशी हसत सांगत होत्या, "कुणाची तरी व्हती," आणि मी बादली धरून उभी. कुणाची ते त्यांना खरंच माहीत नव्हतं का? दारादारातून पिशवी घेणारी बाई ती, तिला कुठली पिशवी कुणाची हे कळत नसेल? आज दोन वर्षं मी हाच विचार करतेय. मी काही बोलले नाही. आत गेले, पाचशेची नोट आणली, म्हटलं दिवाळीचे घ्या. त्यांनी नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "एवढे कशाला, वहिनी?" आणि नोट कमरेच्या पिशवीत ठेवली.

तेव्हापासून मी कचरा वेगळा करते. त्याआधी मीही त्या चौदातलीच होते. म्हणून सकाळच्या फोटोवर एवढी भडकले बहुतेक. काकांवर कमी, तुम्हाला कळलं असेलच.

दुपारी कमिटीच्या सेक्रेटरींना फोन केला. मावशींना निवडायला मागच्या भिंतीकडचा पत्रा आणि तिथला नळ द्या, म्हटलं. ते म्हणाले, "ठराव आणावा लागेल." आणू. हौद मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुली रविवारी रिकामे करणार आहोत. सायकल कुणाची आहे त्यांनी घेऊन जा, नाहीतर भंगारात देऊन पैसे मावशींना. बरणीचं मावशींना अजून सांगितलेलं नाही. त्या फेसबुकवर नाहीत, त्यांचा मुलगा आहे.

आणि एक काम. आम्ही लॉकडाऊनमध्ये पेपर बंद केला तो केलाच, घरात आता काच गुंडाळायलाही कागद नाही. सिंहगड रोडच्या आसपास कुणाकडे जुनी रद्दी पडली असेल तर खाली सांगा, मी येऊन घेऊन जाईन. इंग्रजी-मराठी काहीही चालेल.