मालक मोजता आला, तरच घरखरेदीवरची मर्यादा टिकेल

अमेरिकेतल्या अटलांटा परिसरातल्या पाच काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) फक्त तीन कंपन्यांकडे मिळून १९ हजारांहून जास्त सिंगल-फॅमिली, म्हणजे एका कुटुंबासाठीची स्वतंत्र घरं असल्याचं जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात २०२४ साली पुढे आलं. तो आकडा काढण्यासाठी १९० हून अधिक वेगवेगळ्या कंपन्यांची नावं एकमेकांशी जोडावी लागली. काउंटीच्या दप्तरात ही सगळी घरं निरनिराळ्या मालकांची दिसतात. मोठ्या गुंतवणूकदारांच्या घरखरेदीला आळा घालणारा कुठलाही राज्याचा कायदा मी याच एका प्रश्नावर तपासते: ही १९० नावं हा कायदा एका खात्यात मोजतो का?

थोडी पार्श्वभूमी. २०११ मध्ये अमेरिकेत एक हजाराहून जास्त अशी घरं असलेला एकही गुंतवणूकदार नव्हता. मंदीत जप्त झालेली घरं स्वस्तात उचलून भाड्याने देण्याचा धंदा त्यानंतर उभा राहिला आणि २०२२ पर्यंत मोठ्या कंपन्यांकडे सुमारे साडेचार लाख घरं गेली. देशभरातल्या भाड्याच्या सिंगल-फॅमिली घरांत हे प्रमाण जेमतेम ३ टक्के भरतं. "प्रश्नच नाही" म्हणणारे हाच आकडा पुढे करतात. पण घर कुणी देशाच्या सरासरीत घेत नाही, एखाद्या गल्लीत घेतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२४ च्या अहवालानुसार अटलांटात हेच प्रमाण २५ टक्के होतं, जॅक्सनव्हिलमध्ये २१, शार्लटमध्ये १८ आणि टॅम्पात १५.

याच शहरांवर डोळा का? कारण तिथे एकसारखी घरं शेकड्यांनी मिळतात: गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधलेली, तीन बेडरूम, दोन बाथ, एकाच बिल्डरचा नकाशा. संगणकाला भाव ठरवणं सोपं जातं, दुरुस्तीचा खर्च आधीच कळतो, आणि भाडेकरूला संरक्षण देणारे कायदे तिथे कमी आहेत. घर विक्रीला लागल्यावर काही तासांत रोखीची ऑफर येते. ना अप्रेझलची (घराच्या मूल्यांकनाची) अट, ना कर्जमंजुरीची, व्यवहार दोन आठवड्यांत पूर्ण. समोर साडेतीन टक्के डाउन पेमेंट भरून एफएचए कर्ज (सरकारी हमीचं गृहकर्ज) घेणारं कुटुंब असतं, त्याला ३० ते ४५ दिवस लागतात. दोघांची ऑफर एकाच रकमेची असली तरी विकणारा रोख घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

न्यूयॉर्कने बोट ठेवलं ते या वेगावर. १ जुलै २०२५ पासून तिथे एक किंवा दोन कुटुंबांचं घर विक्रीला लागल्यापासून ९० दिवस मोठ्या गुंतवणूकदाराला ऑफर देता येत नाही. मोठा म्हणजे ज्याच्याकडे अशी १० किंवा अधिक घरं आहेत आणि ज्याची मालमत्ता ३ कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त आहे. विक्रेत्याने मागितलेली किंमत बदलली, की ९० दिवस पुन्हा पहिल्यापासून. कायदा मोडल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. शिवाय अशा घरांवरचा घसारा आणि कर्जाचं व्याज यांची वजावट राज्याच्या करात मिळत नाही. माझ्या मते दंडापेक्षा हा शेवटचा भाग जास्त जोरकस आहे, कारण दंडासाठी कुणाला तरी पकडावं लागतं, वजावट मात्र दरवर्षीच्या हिशेबातून जाते.

एक-दोन घरं एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या छोट्या कंपनीच्या) नावाने घेऊन भाड्याने देणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी घाबरायचं कारण नाही. ती या व्याख्येच्या जवळपासही येत नाहीत. "आम्हालाही बंदी येणार" हे फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी व्याख्या वाचा.

९० दिवस चांगल्या घराला पुरतात, कारण ते पहिल्या काही आठवड्यांतच एखादं कुटुंब घेऊन जातं. उणीव अशी, की मोठ्या कंपन्या खुल्या बाजाराबाहेरही घेतात: बिल्डरकडून अख्खी फेज, दुसऱ्या कंपनीकडून शेकडो घरांचा गठ्ठा, किंवा ती कंपनीच. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने २०२४ मध्ये ट्रायकॉन ही भाड्याच्या घरांची कंपनी घेतली, ती सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला. एकाही घरावर पाटी लागली नाही. अशा सौद्याला प्रतीक्षाकाळ काय करणार? शिवाय न्यूयॉर्कमध्ये या कंपन्यांचा वावर मुळात कमी. जिथे दुखणं खरं आहे, त्या नॉर्थ कॅरोलायनात (शार्लट याच राज्यात) काउंटीमागे शंभर घरांची मर्यादा सुचवणारं २०२३ चं विधेयक पुढे सरकलं नाही.

कॅलिफोर्नियाची वाट वेगळी. २०२१ पासून लागू असलेल्या एसबी १०७९ या कायद्यानुसार जप्त घरांचा एकगठ्ठा लिलाव करता येत नाही. लिलाव झाल्यावरही भाडेकरूला तेवढीच बोली देऊन घर घेता येतं. तिथे राहायला येणारं कुटुंब किंवा ना-नफा संस्था यांना मात्र चढी बोली द्यावी लागते. इरादा १५ दिवसांत कळवायचा, पैसे ४५ दिवसांत. कागदावर हे सुंदर दिसतं. पण पैसे रोख लागतात, आणि एवढ्या मुदतीत अशा घरावर बँक कर्ज देत नाही. त्यासाठी राज्याने ५० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला होता, तो २०२४ च्या अंदाजपत्रकात कापला गेला. हक्क दिला आणि पैसा काढून घेतला, तर फायदा होतो तो भाडेकरूला नावापुरता पुढे करणाऱ्या दलालांचा. तसे प्रकार झाले, म्हणून २०२२ मध्ये कायदा कडक करावा लागला.

आपल्याकडे कुळकायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला मनाई केली, तेव्हा शेतकरी असल्याचे खोटे दाखले निघाले. खरेदीदार कोण हे तपासणारी यंत्रणा नसली की हेच होतं, मग ते मावळ असो वा अटलांटा.

बंदीची किंमत कोण भरतं, हेही मोकळेपणाने मांडलं पाहिजे. नेदरलँड्समध्ये २०२२ पासून शहरांना भाड्याने देण्यासाठीची घरखरेदी रोखता येते. रॉटरडॅमच्या अभ्यासात घरांच्या किमती हलल्या नाहीत, पण भाडी सुमारे ४ टक्क्यांनी वाढली. घरं मध्यमवर्गीय खरेदीदारांना मिळाली, कमी उत्पन्नाचे भाडेकरू बाहेर गेले. म्हणून सरसकट बंदीला माझा विरोध आहे. एका वस्तीत एका अंतिम मालकाकडे किती घरं असावीत यावर मर्यादा हवी, आणि नव्याने बांधून भाड्याने दिलेल्या घरांना सूट हवी, कारण त्यांनी घरांची संख्या वाढते. मर्यादा खरेदीदार कुठल्या राज्यातला, यावर बेतू नका. नेब्रास्काने १९८२ मध्ये कॉर्पोरेट शेतीवर घातलेली बंदी २००६ मध्ये न्यायालयात कोसळली, कारण ती राज्यातल्या लोकांना झुकतं माप देत होती.

तुमच्या वस्तीचं चित्र बघायचं असेल, तर काउंटीच्या असेसरच्या (मालमत्तेचं करमूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवरून तुमच्या सबडिव्हिजनमधल्या (वसाहतीतल्या) घरांची यादी उतरवून घ्या आणि ती मालकाच्या नावावर न लावता टपालाच्या पत्त्यावर लावा. वीस वेगळ्या एलएलसी एकाच सूट नंबरवर आलेल्या दिसतील. मग सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्याच्या कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या) नोंदीत मुख्य कार्यालयाचा पत्ता जुळवा. नुसत्या नोंदणीकृत एजंटवर (कंपनीच्या वतीने कागदपत्रं स्वीकारणाऱ्यावर) विसंबू नका, एकच एजंट हजारो असंबंधित कंपन्यांचा असतो.

ही यादी हातात आली की एचओएमध्ये (वसाहतीतल्या घरमालकांच्या संस्थेत) भाड्याच्या घरांवर मर्यादा आणायचा ठराव लवकर आणा. नॉर्थ कॅरोलायनात संस्थेच्या नियमांचा मूळ दस्तऐवज बदलायला साधारण ६७ टक्के मतं लागतात, जॉर्जियात बहुतेक ठिकाणी दोन तृतीयांश. कंपनीच्या घरांनाही मत असतं. तिच्याकडे एक तृतीयांशाहून जास्त घरं गेली, की ठराव कधीच मंजूर होणार नाही, आणि बैठकीला न येणारे शेजारीही तिच्याच बाजूला मोजले जातात. फ्लोरिडात तर १ जुलै २०२१ नंतर केलेली अशी दुरुस्ती, अल्पमुदतीच्या भाड्यासारखे अपवाद सोडले, तर संमती देणाऱ्यांना आणि नंतर घर घेणाऱ्यांनाच लागू होते. तिथे आज ठराव झाला तरी कंपनीकडे आधीच असलेली घरं भाड्यानेच राहतील.